शार्लोटबाई, आपल्याकडे बघण्यासारखं आहे तरी काय?

श्रीमती शार्लोट तलाव,
मुक्काम पोस्ट माथेरान, जिल्हा रायगड

सा. न. वि. वि.

पावसाळा सरता सरता आम्ही सहकुटुंब आपल्या भेटीस आलो होतो. आपण घरीच होतात, पण पाहुणे येणार म्हणून केलेली कसलीही तयारी दिसली नाही. तोंडावर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे खुलं पत्र.

पहिली तक्रार पोचण्याविषयी. सात जणांची गाडी आम्ही हप्त्यावर घेतली, ती काय दस्तुरी नाक्यावर सोडून यायला? तिथून पुढे मोटारींना बंदी. मग चाला, नाहीतर घोडा बघा, नाहीतर अमन लॉज स्थानकावरून छोटी रेल्वे पकडा. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले, ते ठीक. साहेब होते, हौस होती. 1907 मध्ये पीरभॉय मंडळींनी नेरळहून रेल्वे आणली, तर ती 21 किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ घेते. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली, तरी घाईची सोय करायला इथे कुणाला सवड मिळालेली नाही. हातरिक्षा बंद करा, ई-रिक्षा आणा, असं 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं थांबलं पाहिजे, यात वाद नाही. पण आमची मागणी साधी आहे: आमची गाडी थेट आपल्या काठापर्यंत यावी आणि काच खाली करून आपलं दर्शन व्हावं.

दुसरी तक्रार वाटेची. बाजारपेठ मागे पडली की झाडी सुरू होते ती आपल्यापर्यंत संपत नाही. ना धाप लागणारा चढ, ना दोर, ना लोखंडी शिडी. आमचे शेजारी दर पावसाळ्यात कळसूबाई करतात आणि वर्षभर त्याबद्दल बोलतात. आम्ही काय सांगायचं? हिरड्याच्या सावलीतून सावकाश चाललो आणि पोचलो? तांबड्या चिखलाने पांढऱ्या बुटांचा रंग बदलला, हाच काय तो पराक्रम.

आमच्या आईचे गुडघे दुखतात, हे साऱ्या सोसायटीला ठाऊक आहे. जिना उतरायचा म्हटलं तरी तिला आधार लागतो. आपल्या वाटेवर ती आमच्या पुढे चालत होती. वर मागे वळून ‘येताय ना रे?’ असंही विचारत होती. आता तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुला झेपणार नाही, तू घरीच थांब?

मुलांच्या बाबतीत तर आपण फारच गैरसोय केलीत. दाट झाडीत मोबाइलची रेंज गेली आणि मुलं प्रश्न विचारू लागली. हे झाड कोणतं? जांभूळ तेवढं आम्ही ओळखलं. अंजनीपाशी अडलो आणि त्यापुढची सगळी ‘जंगली झाडं’ म्हणून वाटेला लावली. मग झाडीतून कुणीतरी शीळ घातली, अगदी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी. धाकटा चिडला, ‘बाबा, कोण आहे तो?’ तो कस्तूर नावाचा पक्षी आहे, हे आम्हाला वाटेतल्या घोडेवाल्याने सांगितलं. राज्यप्राणी शेकरू मुलीने पाहिला, आईने पाहिला, बायकोने पाहिला. आम्ही तेव्हा कॅमेऱ्यात झूम शोधत होतो.

आपल्या माकडांविषयी वेगळं पत्र लिहावं लागेल. एकाने थैलीतून सरबताची बाटली उचलली, फांदीवर बसून दोन्ही हातांनी धरली, दातांनी झाकण फिरवून काढलं, दोन घोट घेतले आणि चव आवडली नाही म्हणून ती आमच्याच अंगावर ओतली. माकडांना खाऊ देऊ नका, असं बजावणाऱ्यांचा आम्हाला राग यायचा. आता कळलं, आम्हीच त्यांना इतकं शिकवलं आहे की ती आता आमच्यावर अवलंबून राहत नाहीत, वसुलीच करतात.

आता आपल्याविषयी. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव बघा. होड्या आहेत, घोडे आहेत, भाजलेली कणसं आहेत. लोणावळ्याचं भुशी धरण बघा, पावसाळ्यात पायरी दिसत नाही इतकी माणसं. आणि आपण? पाणी, पाण्यापर्यंत उतरलेली झाडं, एक बांध, त्यावरून सांडणारं पाणी आणि जवळ पिसारनाथाचं देऊळ. संपलं. पाच मिनिटांत फोटो काढून झाले. पुढे काय करायचं, हे सांगणारा एकही फलक नाही. नाइलाजाने आम्ही बसलो. बसलो म्हणून बोललो. शाळेत असताना बायको पोहण्याच्या स्पर्धांत भाग घ्यायची, ही माहिती लग्नानंतर इतक्या वर्षांनी मिळाली. अशा ठिकाणांवर संसारी माणसाने किती विश्वास ठेवावा?

शेवटची तक्रार जरा नाजूक आहे. वेफर्सचं रिकामं पाकीट मी सहज काठावर ठेवलं. शेजारच्या आजोबांनी ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘साहेब, गाव हे पाणी पितं.’ बाई, तलाव आहात तर तलावासारखं राहावं, पिण्याच्या पाण्याची जबाबदारी कशाला घेतलीत? आता पोहायचं नाही, पाय खळबळायचे नाहीत, काही टाकायचं नाही. त्या संध्याकाळी हॉटेलात चहा आला, तेव्हा कप उचलण्याआधी मला ते पाकीट आठवलं.

आपली प्रगती व्हावी म्हणून काही सूचना करतो. काठावर वाहनतळ, मधोमध नाचतं कारंजं, वरून काचेचा पूल आणि ‘आय लव्ह शार्लोट’ अशी माणसाएवढी अक्षरं. झाडांना रंगीत दिव्यांच्या माळा. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवलं, ती एक अडचण आहे, आणि पेव्हर ब्लॉकसारख्या साध्या गोष्टीचा वादही इथून न्यायालयात जातो. पण मनावर घेतलं तर वाट निघते, हा आपल्या राज्याचा अनुभव आहे. एवढं झालं की आपण इतर कुठल्याही ठिकाणासारख्या दिसू लागाल. मग लोकांना इतक्या लांब यायची गरजच उरणार नाही आणि गर्दीचा प्रश्नही आपोआप सुटेल.

तोपर्यंत माझ्यासारख्या कुटुंबप्रमुखांना सावध करणं माझं कर्तव्य आहे. मंडळी, इथे येणारच असाल तर गाडी दस्तुरीला सोडावी लागेल. खाऊची पाकिटं बंद पिशवीत न्यावी आणि रिकामी झाली की तशीच परत आणावी लागतील. निघण्यापूर्वी निदान दहा झाडांची नावं पाठ करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका, ती तुमच्यापेक्षा नीट चालतील.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक असमाधानी पर्यटक