बहिणी (ख्रिस्ती, पन्हाळा)

ख्रिस्ती बहिणी पन्हाळ्यावर बहुधा जोडीने आढळतात. त्यांपैकी एक थोरली असते, एक धाकटी. थोरली जबाबदार, विचारी, मितभाषी आणि काव्यगुणांनी संपन्न असते. धाकटी तशी नसते. प्रस्तुत नोंद थोरलीनेच लिहिलेली असल्याने ही माहिती अधिकृत समजण्यास हरकत नाही. धाकटीनेही स्वतंत्र नोंद लिहायला घेतली होती. परंतु तिच्या पहिल्याच परिच्छेदात ‘ताई’ हा शब्द वारंवार येतो आणि दरवेळी तक्रारीच्या सुरात येतो. सबब ती नोंद साभार परत करण्यात आली.

इतिहास थोडक्यात असा. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि १८७७ मध्ये पन्हाळ्यावर मिशनचे ठाणे सुरू झाले. त्याआधीही गडावर बाहेरून पुष्कळ मंडळी आली होती. त्यांच्याजवळ तोफा होत्या. यांच्याजवळ पाट्या-पुस्तके होती. तालुक्यातल्या कोडोलीत मिशनचा दवाखाना झाला, कोल्हापुरात शाळा आणि चर्च झाले. बहिणींची आजी हा सगळा इतिहास ‘मिशनच्या वेळेला’ या दोन शब्दांत सांगते. त्या वेळेला तूप चांगले मिळत असे, मुली उलट बोलत नसत आणि पाऊस वेळेवर पडे, असे तिच्या बोलण्यावरून दिसते.

दिवसभराचा व्यवहार कोल्हापुरी बोलीत चालतो. मुलीही इथे ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात, आणि भांडणाला प्रस्तावना लागत नाही. संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली की त्याच दोघी एकदम ग्रंथात शिरतात. पाच मिनिटांपूर्वी ‘मी न्हाई घासणार भांडी, जा!’ म्हणून पाय आपटणारी धाकटी डोळे मिटून ‘हे परमदयाळू पित्या, आम्हांस नम्रतेचा आत्मा दे’ असे म्हणू लागते.

या प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाने आपापल्या पाळीला मोठ्याने प्रार्थना करायची असते आणि दुसऱ्याची प्रार्थना मध्येच तोडायची नसते. हा नियम ज्याने घालून दिला त्याला धाकटी बहीण नसावी. चहाडीचे इतके सुरक्षित साधन माणसाला दुसरे सापडलेले नाही. ‘हे प्रभो, ज्यांनी आईच्या डब्यातले पन्नास रुपये घेऊन तबक उद्यानाजवळ मक्याची कणसं खाल्ली, त्यांना क्षमा कर. त्यांचं नाव तुला ठाऊकच आहे.’ यावर वडिलांचा एक डोळा उघडतो. थोरलीला खुलासा करायचा असतो. पण तिची पाळी शेवटची, आणि मध्ये आजी असते. आजी आधी देशासाठी, मग राज्यकर्त्यांसाठी, मग पावसासाठी, मग आजाऱ्यांसाठी नावानिशी आणि शेवटी मुंबई-पुण्याच्या नातलगांसाठी वयानुक्रमे प्रार्थना करते. ती संपेपर्यंत भात गार झालेला असतो आणि थोरलीची बदनामी पक्की झालेली असते.

या प्रथेला शास्त्राधार आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणी येतात. घरी प्रभू आलेला. मार्था कामात बुडालेली, मरिया त्याच्या पायांशी ऐकत बसलेली. मार्था बहिणीची तक्रार थेट प्रभूकडे नेते आणि निकाल मरियेच्या बाजूने लागतो. मार्था थोरली होती असे तिथे लिहिलेले नाही. ज्याने पाहुण्यांची भांडी घासली आहेत त्याला ते लिहून दाखवावे लागत नाही. या निकालाबद्दल थोरल्या बहिणींच्या मनात दोन हजार वर्षे काही प्रश्न आहेत. धाकटीच्या मनात नाहीत. चहाचे कप विसळायला सांगितले की ती तत्काळ बायबल उघडून बसते.

वचनपाठांतराचाही स्वभावाशी संबंध असतो. स्तोत्रसंहितेतले ११७वे स्तोत्र दोन वचनांचे आहे आणि ११९वे १७६ वचनांचे. दोहोंच्या मध्ये एकच स्तोत्र आहे. एका घरातल्या दोन बहिणींमध्येही अंतर तेवढेच दिसते. थोरलीने ११९व्याला हात घातला. अर्ध्यावर आल्यावर घरातली माणसे हळूहळू उठून स्वयंपाकघरात जातात, हे तिच्या लक्षात आले. पण थांबावेसे वाटले नाही. धाकटीने योहानाच्या ११व्या अध्यायातले ३५वे वचन निवडले. ते ‘येशू रडला’ एवढ्या दोन शब्दांत संपते. मार्था-मरियेचा भाऊ लाजर वारला, त्या वेळचे ते वचन. रविवारच्या शाळेत, वाढदिवसाला, परीक्षेच्या आदल्या दिवशी, ‘एखादं वचन म्हण गं’ असे कुणीही म्हटले की ती तेच म्हणते आणि खाऊसाठी हात पुढे करते.

रविवारी उपासनेसाठी गड उतरायचा असतो. कोल्हापूर साधारण २० किलोमीटर. वाघबीळच्या वळणांवर धाकटीला मळमळते, म्हणून खिडकीची जागा तिची. थोरलीला कधीच मळमळले नाही. या सद्गुणाचे फळ म्हणून ती उभी राहते. उपदेशाचे मुद्दे तीन असतात. पहिल्या दोहोंत मंडळीचे लक्ष चांगले असते. तिसऱ्याला आरंभ झाला की बायकांना घरी धुऊन ठेवलेल्या मटणाची आठवण होते. पंथ कुठलाही असो, कोल्हापूर जिल्ह्यात रविवारी दुपारचा पांढरा रस्सा हा वादाचा विषय नाही.

ईस्टरची गोष्ट वेगळी. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि समोरच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते ती चैत्र पौर्णिमेला. त्यामुळे पुष्कळदा दोन्ही हातात हात घालून येतात. २०२२ मध्ये यात्रा शनिवारी, १६ एप्रिलला झाली आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. त्या सकाळी एसटीत पांढरे कपडे घातलेल्या बहिणी आणि डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झालेले यात्रेकरू एकाच बाकावर दाटीने बसले होते. एका म्हाताऱ्या बाबांनी ‘चांगभलं’ म्हणत धाकटीच्या कपाळाला मायेने बोट लावले. तिने रुमालाने ते पुसले तेव्हा गुलाल कानापर्यंत पसरला. थुंकी लावून पुसला तेव्हा गळ्यापर्यंत उतरला. मंडळी पुनरुत्थानाचे गीत गायला उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेत धाकटी उगवत्या सूर्यासारखी दिसत होती. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या गुलाबी झालेल्या बाहीकडे पाहिले (तेही एसटीनेच आले होते) आणि उपासना पुढे सुरू ठेवली.

सणांत मोठा सण नाताळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळी यांची ताटे शेजारी जातात आणि दिवाळीला तीच ताटे भरून परत येतात. चांदणी टांगायची ती गडावरच्या वाऱ्याने फाटते, म्हणून दुसरी आणून ठेवलेली असते. एवढे सांगून नाताळाचा विषय संपला असता. परंतु नाताळात गीतांचा कार्यक्रम असतो, आणि गीतांचा विषय निघाला की मोरोपंतांबद्दल लिहिणे भाग पडते.

मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले. त्यांचे लहानपण आणि शिक्षण गडावरच झाले. मग ते बारामतीला गेले आणि १७९४ मध्ये वारले. थोरलीचाही जन्म पन्हाळ्यावरचा. दोघांच्या दरम्यान गडावर तिसरा कवी झाला किंवा कसे, याचा तपास तिने केलेला नाही आणि करण्याचा विचारही नाही. पंतांनी १०८ रामायणे रचली. त्यांतले एक निरोष्ठ रामायण; म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरे ज्यात नाहीत असे. ज्याच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे असे काव्य ‘म’ न वापरता लिहायचे! हे वाचून थोरलीने ठरवले की पन्हाळ्याची परंपरा चालवायची, तर एक निरोष्ठ नाताळगीत रचलेच पाहिजे.

काम सुरू होताच अडचणी आल्या. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघांनाही ओठ मिटावे लागतात. तेव्हा त्रैक्य पहिल्याच दिवशी बाहेर राहिले. बेथलेहेम गेले. मरिया गेली, योसेफ शेवटच्या अक्षराने गेला. मेंढपाळ गेले आणि त्यांच्यामागून मेंढरेही. प्रभू, प्रेम, क्षमा यांतले काही चालेना. आई चालते, पण तिचे नाव चालत नाही. शिल्लक राहिले ते येशू ख्रिस्त, तारा, थंड रात्र, उंट आणि हेरोद राजा. गाढवाबद्दल दोन मते आहेत, कारण ‘व’ हा अर्धा दातांचा आणि अर्धा ओठांचा. फार कडक वैयाकरण तर ‘उ’देखील ओठांचाच मानतात; त्यांचे ऐकले तर उंट जातो आणि येशूही जातो. थोरलीने त्यांचे ऐकले नाही. पंतांना गव्हाणीत कुणाला निजवायचे नव्हते.

हाती राहिलेल्या पात्रांतून जे गीत तयार झाले त्यात थंड रात्री एका ताऱ्याखाली बाळ येशू, एक बिननावाची आई, उंट आणि हेरोद राजा असे सगळे शेजारी शेजारी उभे होते. हेरोद बाळाच्या जिवावर उठलेला राजा असल्याने हे दृश्य शास्त्राला धरून नाही, अशी शंका आजीने घेतली. धाकटीने मात्र या काव्यप्रकारातला एक गुण मान्य केला: गाताना लिपस्टिक हलत नाही. खरी अडचण शेवटी उभी राहिली. ‘आमेन’ म्हणताना ओठ मिटतातच. निरोष्ठ गीत सुरू करता येते. संपवता येत नाही. कार्यक्रमात थोरली नवव्या कडव्यावर असताना मंडळीने आपण होऊन आमेन म्हटले आणि टाळ्या वाजवल्या. पंतांना असा श्रोतृवर्ग मिळाला असता तर रामायणे १०८ झाली नसती.

यानंतर बाहेरून येणाऱ्यांचे प्रश्न. गडावर पर्यटक पूर्वीपासून येतात. २०२५ मध्ये पन्हाळ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहे. बहिणींची नावे ऐकली की पाहुणे विचारतात, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ ‘इथल्याच’ म्हटले की ‘नाही, पण मूळच्या?’ नंतर कौतुक येते: ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ यावर थोरली फादर स्टीफन्सच्या १६१६च्या क्रिस्तपुराणापासून सुरुवात करते, बाबा पदमनजींच्या १८५७च्या ‘यमुनापर्यटना’वरून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पर्यंत येते, आणि तोवर पाहुणा गाडीची किल्ली शोधू लागलेला असतो. धाकटी एवढेच म्हणते, ‘तुमचंपण बरं आहे.’ थोरलीच्या उत्तरात संदर्भ अधिक आहेत. परिणाम धाकटीच्या उत्तराचा होतो.

एकदा मात्र एका गृहस्थांनी विचारले, ‘तुमच्यात महाराजांना मानतात का?’ धाकटी तेव्हा शाळेत होती. तिने त्यांना राजदिंडीची वाट दाखवली. सिद्दी जौहरचा वेढा, जुलै १६६०ची ती पावसाळी रात्र, महाराजांच्या वेषात पालखीत बसलेला शिवा काशीद, घोडखिंडीतले बाजीप्रभू, सारे न अडखळता सांगितले. गृहस्थ ‘वा!’ म्हणाले आणि त्यांनी तिला चॉकलेट दिले. तिने ते घरी आणून टेबलावर ठेवले, खाल्ले नाही. त्या रात्री प्रार्थनेत तिने कुणाचीही चहाडी केली नाही. तटबंदीवर पडून जिने गुडघे फोडून घेतले, तिला या गडावर आपला हक्क तोंडी परीक्षा देऊन का सिद्ध करावा लागावा? या प्रश्नाला विनोदी उत्तर शोधण्याचा थोरलीने प्रयत्न केला. अजून सापडलेले नाही.

थोरल्या बहिणी पुढे शिक्षणासाठी गड सोडतात. त्यांतल्या कित्येक मिरजेला नर्सिंगला जातात; डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचे हॉस्पिटल उभारले, तेव्हापासूनची ही वाट आहे. थोरली निघाली त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत वडिलांनी धाकटीला वचन म्हणायला सांगितले. तिने तेच दोन शब्दांचे वचन म्हटले. कुणी हसले नाही, आणि तिनेही खाऊसाठी हात पुढे केला नाही.

आता कौटुंबिक प्रार्थना फोनवर होते. ‘हे प्रभो, ताईला मेसची आमटी गोड लागू दे, आणि तिने नेलेली माझी निळी ओढणी परत करण्याची तिला बुद्धी दे.’ फोनवरही प्रार्थना मध्येच तोडायची नसते. ओढणी थोरलीकडेच आहे. ती धाकटीपेक्षा तिलाच जास्त शोभते.

पन्हाळ्यावर येणाऱ्या वाचकाला एक विनंती. वाटेत एखादी मुलगी भेटली तर ती मूळची कुठली, हे विचारू नये. विचारायचेच असेल तर तीन दरवाज्याची वाट विचारावी. ती बरोबर सांगेल. मात्र दोघी बहिणी एकत्र भेटल्या तर दोन वाटा सांगतील. त्यांतली थोरलीची धरावी.