दाजींना विचारा

"काकू, झालं का हो तुमचं केवायसी?"

"कसलं होतंय! ओटीपी तुझ्या काकांच्या फोनवर आणि काका फोन घेऊन पारावर. लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० द्यायचे, पण आधी दाजींना विचारून!"

"नियमच तसा काढला ना. आपला ओटीपी, वर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा."

"त्यांचा मागा की, माझं काय जातंय? पण माझाही त्यांच्याच नंबरावर! आधार काढलं तेव्हा फोन कुठे होता माझ्याकडे? दिला ह्यांचा ठोकून. आता सुनेचा जुना फोन मिळालाय, सगळं जमतं मला, पण आधारच्या लेखी मी अजून ह्यांच्याच खिशात."

"बँकेतले साहेब म्हणतात, महिलांमध्ये जागृती हवी."

"जागी तर मी पहाटे पाचपासून असते! ती नाक्यावरची भाजीवाली बघ. क्यूआर कोड लावला तेव्हा केवढी हरखली होती. डबा बोलला की ही हसायची. पण पैसे पडतात पोराच्या खात्यात. मार्केट यार्डातून माल आणायचा तर त्याच्यापुढे हात पसरायचा. आता ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की हळूच म्हणते, 'ताई, रोख द्या ना.' झालं, लोक म्हणायला मोकळे, बायकांना डिजिटल नको असतं!"

"आणि आमचे हे! उठता-बसता म्हणणार, ऑनलाइन म्हणजे नुसती फसवाफसवी. पण पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे स्कॅन."

"पुरुषाचं बरं असतं बाई. पटो न पटो, फोन खिशातच."

"लेकीच्या प्रोजेक्टमध्ये होतं ते. कुटुंब आरोग्याची सरकारी पाहणी, २०१९-२१ची. देशात शंभरातल्या ५४ बायकांकडे स्वतः वापरायचा फोन. आणि इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७, बायका ३३."

"त्या ५४ मध्ये माझा तेव्हाचा बटणांचा डबडा धरला असेल तर कठीण आहे! बरं, तुझी लेक प्रोजेक्ट कशावर करते?"

"बापाच्या फोनवर. तो झोपल्यावर."

"आणि चिरंजीव?"

"त्याला दहावीलाच घेऊन दिला. मुलगा आहे ना, क्लास लांब."

"क्लास तर तिचाही तिथेच होता गं."

"होता खरा..."

"बरं, ऐक. मी नवीन सिम घेतलंय. उद्या अकराला आधार केंद्रात जाऊन नंबर बदलते. येतेस? तुझाही उरकून टाक."

"येते की. पण ह्यांना काय सांगू?"

"सांग, भिशी आहे."