निनादची फायनल यादी

आमच्या सोसायटीत निनादइतका अभ्यास कुणी केलेला नाही. फक्त तो पुस्तकांचा अभ्यास आहे, पुस्तकांतला नाही.

दहावीला ब्याण्णव टक्के पडले आणि सायन्सला ॲडमिशन झाली, तेव्हा त्याने घरात जाहीर केलं, "मी क्लास लावणार नाही. जेईईचा सेल्फ स्टडी करणार." त्याचे बाबा इंटिग्रेटेड क्लासच्या दोन वर्षांच्या फीचा आकडा नुकताच ऐकून आले होते. बँकेत ते दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज तपासतात, त्यामुळे स्वतः अर्ज करायची त्यांना भीती वाटते. मुलाचा हा बाणेदारपणा पाहून त्यांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. आम्हालाही आला एक.

फी वाचली आणि पुस्तकं सुरू झाली.

आता यात निनादचा दोष किती आणि जेईईचा किती, हे सांगणं अवघड आहे. फिजिक्सला एच. सी. वर्मांचे दोन भाग घ्या म्हणतात. ते घेतले की कुणीतरी सांगतं, सरावाला डी. सी. पांडे हवेत. त्यांचे पाच भाग. केमिस्ट्री तर एकत्र कुटुंबातून फुटून निघालेली : फिजिकलला एक लेखक, ऑर्गॅनिकला दुसरा, इनऑर्गॅनिकला तिसरा, आणि तिघांचंही म्हणणं एकच की एनसीईआरटी आधी वाचा. या सगळ्यात बालभारतीची पुस्तकंही असतात, कारण बारावीची बोर्डाची परीक्षा काही कुणी रद्द केलेली नाही. सोळा वर्षांच्या पोराने गोंधळू नये तर काय करावं? पण निनाद गोंधळला नाही. तो रमला.

या लेखकांबद्दल तो नात्यातल्या माणसांसारखं बोलतो. "वर्मा सर मायाळू आहेत काका, समजावून सांगतात. पांडे जरा कामाचंच बोलतात. इरोडोव्हकडे मात्र एकदम जायचं नसतं." इरोडोव्ह म्हणजे मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं ते प्रसिद्ध पुस्तक, सुमारे एकोणीसशे गणितांचं. ते निनादने अकरावीच्या दिवाळीत घेतलं आणि अजूनही तो तिकडे एकदम गेलेला नाही. कोऑर्डिनेट जॉमेट्रीसाठी लोनी. हे पुस्तक 1895 सालचं. टिळकांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणं सोडलं, त्यानंतर पाचेक वर्षांनी ते निघालं. "म्हणजे बघा, टिळकांना लोनी मिळाला नाही," असं निनाद हळहळून म्हणाला. टिळकांनी नंतर राजकारणाकडे लक्ष दिलं त्याचं खरं कारण हेच असावं, अशी त्याला शंका असावी.

त्याला पाहायचं तर अप्पा बळवंत चौकात. जूनमध्ये तिथल्या काउंटरसमोर पालकांची रांग नसते, गठ्ठा असतो. आईच्या हातात यादी, वडिलांच्या हातात पिशवी, आत पोऱ्या शिडीवर. नाव सांगायचं, वरून पुस्तक येतं, टक्के किती सोडणार विचारायचं, पैसे द्यायचे, बाजूला व्हायचं. निनाद बाजूला होत नाही. तो पुस्तक हातात घेतो आणि आधी दुसरं पान उघडून पुनर्मुद्रणाचं साल पाहतो. मग सरळ रोटेशनल मोशनच्या धड्यावर जातो. सोडवलेली उदाहरणं बोटाने मोजतो. मागे नुसती उत्तरं आहेत की हिंट्ससुद्धा, ते बघतो. शेवटी पान उजेडाकडे धरून मागची छपाई दिसते का तपासतो. एकदा शेजारच्या बाईंनी हे पाहून विचारलं, "बाळा, आमच्या श्रेयाला कुठलं घेऊ?" निनादने दहा मिनिटं सांगितलं. अकराव्या मिनिटाला त्याच्याभोवती पाच पालक होते आणि एक जण लिहून घेत होता. दुकानदाराने त्याला चहा पाजला.

घरी आल्यावर आई कव्हर घालते, तो लेबलवर नाव घालतो, आणि पुस्तक सुरू होतं. सुरू अर्थातच पहिल्यापासून, कारण मध्येच कुठून तरी सुरुवात करणं त्याला पटत नाही. फिजिक्सच्या बहुतेक पुस्तकांत आरंभी युनिट्स अँड डायमेन्शन्स असतं. ते झालं की कायनेमॅटिक्स. कायनेमॅटिक्स अर्ध्यावर येतं तेव्हा कुणीतरी सांगतं की हल्ली दुसरंच पुस्तक चालतं. की लगेच चौक, कव्हर, लेबल आणि पुन्हा युनिट्स अँड डायमेन्शन्स. परिणामी त्या एका धड्यात निनादचा हात धरणारा पुणे जिल्ह्यात कुणी नसेल. झोपेतून उठवून व्हिस्कॉसिटीच्या गुणांकाची डायमेन्शन्स विचारा. पंच्याहत्तर प्रश्नांच्या जेईई मेनमध्ये त्या धड्यावर येऊन येऊन एखाददुसरा प्रश्न येतो, पण तो चुकणार नाही याची खात्री बाळगा. त्याच्या पुस्तकांची कपाटातली रांग एकदा निरखून पाहिली. प्रत्येकाचा कणा सुरुवातीला मऊ पडलेला, पुढे दुकानातल्यासारखा ताठ.

त्याला कुणी आळशी म्हणू नये. तो रात्री एकपर्यंत जागतो. तीन पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी मांडून कुठल्या धड्याला कोण चांगलं, याचे त्याने रंगीत तक्ते केले आहेत. तितका वेळ गणितं सोडवली असती तर, असं आपल्या मनात येतं, पण गणित चुकू शकतं. पुस्तक निवडताना काही चुकत नाही. फार तर बदलतं.

त्यातून नशीब त्याच्या बाजूचं. सर्फेस केमिस्ट्री, पॉलिमर आणि मेटलर्जी त्याने "योग्य पुस्तक मिळालं की करू" म्हणून मागे ठेवले होते. तो बारावीत असताना नवा अभ्यासक्रम आला आणि 2024 च्या जेईई मेनमधून हे तिन्ही धडे गेले. निनाद जिना चढून मला सांगायला आला. "बघा काका, केलं असतं तर सगळं वाया गेलं असतं!" यावर बोलण्यासारखं मला काही सुचलं नाही. त्याच्या बाबांना सुचलं होतं, पण ते जिन्यातच थांबले होते.

तळमजल्यावरची सानिका त्याच्याच वर्षाला. तिने निनादला एकदाच विचारलं, त्याने सांगितलेल्या अकरा नावांतलं पहिलं ऐकलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वर्मांचे दोन्ही भाग कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणांसकट आणले. ती आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भेटली की म्हणते, "निनादमुळे झालं." हे ऐकून निनादची आई पोळ्या लाटता लाटता लाटणं जरा जोरात फिरवते.

जानेवारीचा निकाल लागला तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. पर्सेंटाइल कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एप्रिल झाला. मग सीईटी. तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत आणि बारावीचाच भाग ऐंशी टक्के असतो, म्हणून घरात थोडी आशा होती. पण निनादची अकरावी संपायची होती.

"मग? आता काय ठरवलंस?" मी विचारलं.

"एक वर्ष ड्रॉप घेतोय."

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

"नीट विचार केलायस ना?"

"हो काका. आत्तापर्यंत वेळ सगळा निवडण्यात गेला, हे मला कळलंय. आता तसं नाही. यादी फायनल आहे." त्याने खरोखरच यादी दाखवली. टाइप केलेली, लॅमिनेशन केलेली. म्हणजे आता खाडाखोड करायची सोयच नव्हती. मला बरं वाटलं. खाली एक जागा तेवढी कोरी होती.

"हे काय?"

"ते कॅल्क्युलसचं," निनाद म्हणाला. "तेवढं फक्त बघायचंय. शनिवारी चौकात येता का?"