अडीच टोमॅटो

वाईट सवयी सोडणारा माणूस तुमच्या ओळखीत असणारच. नुसत्या वाईट सवयी असलेला माणूस निरुपद्रवी असतो, आपल्या पंख्याखाली पडून राहतो. उपद्रव आहे तो सोडणाऱ्याचा. त्याची पहिली खूण अशी, की तो तुमच्याकडे आला तर बसत नाही. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतले नाना उंबऱ्यावरूनच सांगतात, "बसत नाही रे. बसलं की अर्धा तास गेलाच, हे माझ्या लक्षात आलंय." मग चप्पल न काढता, दाराच्या चौकटीला टेकून ते पाऊण तास बोलतात. विषय एकच, गप्पांत माणसाचा किती वेळ जातो.

नानांच्या सदऱ्याच्या खिशात लाल प्लॅस्टिकचा एक टोमॅटो असतो. तो पिळला की पंचवीस मिनिटं टिकटिकतो आणि मग ठणाणा वाजतो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८०च्या दशकात अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातलं अशाच आकाराचं घड्याळ उचलून टेबलावर ठेवलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. ही पद्धत पुढे जगभर गेली. नाशकात ती आणखीही कोणाकोणाकडे आली असेल, पण आमच्या सोसायटीत ती नानांच्या पुतणीनं पाठवलेल्या पार्सलातून उतरली आणि त्या दिवसापासून नानांच्या घरातून तास, मिनिटं हद्दपार झाली. गंगापूर रोडला जायचं तर दीड टोमॅटो, सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणलेला असेल तर अडीच. "आज स्वयंपाकाला तीन टोमॅटो लागले," असं ते एकदा आल्यागेल्यासमोर म्हणाले, तर काकू आतून ओरडल्या, "एकच घातलाय आमटीत! उगाच काहीतरी सांगू नका लोकांना."

नानांचा मेहुणा पिंपळगाव बसवंतकडचा शेतकरी. तिथल्या बाजारात हंगामात वीस-वीस किलोच्या क्रेटांनी गाड्याच्या गाड्या भरतात. त्याला नाना अभिमानानं म्हणाले, "मी रोज आठ टोमॅटो काढतो. परवा तर दहा काढले." मेहुण्यानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "झाड एकच आहे का, दाजी?"

या टोमॅटोनं केलेला सगळ्यात मोठा घोटाळा रामकुंडावरचा. सोसायटीतल्या एका आजोबांचा दहावा होता. पिंड ठेवलेला, मंडळी लांब उभी, आणि कावळा शिवत नव्हता. मुलांनी आश्वासनं द्यायला सुरुवात केली. आईला सांभाळू. गावाकडची जमीन विकणार नाही. धाकटीच्या लग्नाचं बघू. शेवटी एक कावळा कठड्यावरून उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, मान वाकडी केली, आणि नानांचा खिसा ठणाणा वाजला. कावळा थेट गोदावरीपलीकडे. इतरही गेले. त्यानंतर तासभर एकही फिरकला नाही, आणि त्या तासात मुलांना आणखी बरंच काही कबूल करावं लागलं. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. परतताना नाना मला हळूच म्हणाले, "आश्वासनं आधीच लिहून आणली असती, तर दोन टोमॅटो वाचले असते."

मोबाइल हा नानांचा मोठा शत्रू. तो हाताशी नको म्हणून सकाळी ते गव्हाच्या डब्यात पुरून ठेवतात. मग दहाच्या सुमाराला आमच्याकडे येतात (बसत नाहीत) आणि माझा फोन मागतात. "माझ्या नंबरवर लावून बघ, कोणाचा येऊन गेलाय का ते." लावून ते कसं कळणार, हे मी विचारायचं सोडलंय. मी लावतो, गहू वाजतो, काकू वैतागतात. 

सकाळच्या फिरण्यात ओळखीचे लोक भेटून वेळ जातो, हाही नानांचा एक शोध. म्हणून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ते सगळ्यांच्या उलट दिशेनं चालतात. मागून कोणी गाठायला नको! परिणामी ट्रॅकवरचा प्रत्येक माणूस त्यांना फेरीत दोनदा समोरून भेटतो, आणि आपण उलटं का चालतो हे त्या प्रत्येकाला थांबून समजावून सांगणं नानांना भाग पडतं.

नाना कोणतीही सवय सोडायला घेतात ती २१ दिवसांसाठी. हा आकडा कुठून आला हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली एका पुस्तकात लिहिलं होतं, की रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला 'निदान' लोकांनी गाळला आणि चेहऱ्याच्या जागी सवयी घातल्या. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. नवी सवय मुरायला सरासरी ६६ दिवस. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब. मला वाटलं, नाना खचतील. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे अजून अवकाश आहे!" एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, असंही त्या अभ्यासात निघालं होतं. तेवढं वाक्य नानांनी वहीत उतरवून घेतलं आणि ते त्यांनी रोज पाळलं.

समर्थ रामदासांचंही ते नाव घेतात. टाकळीला बारा वर्षं, पहाटेपासून नदीत कंबरभर पाण्यात उभं राहून जप! "त्यांच्याकडे कुठं टोमॅटो होता?" मी विचारलं. "सूर्य होता," नाना म्हणाले, आणि स्वतःच्या उत्तरावर एवढे खूश झाले की ते उत्तर सांगायला तडक वरच्या मजल्यावर गेले.

वाचवलेल्या वेळाचं नाना करतात काय, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला नव्हता. कोणालाच पडला नव्हता. अशा माणसांना तो विचारायचा नसतो, असा एक अलिखित नियम आहे.

नोकरीत नाना सातपूरच्या एका कारखान्यात टाइम स्टडीला होते. म्हणजे कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. जॉब उचलला, मशीनला लावला, काढला, ठेवला. प्रत्येक हालचालीचे सेकंद मोजायचे. कामगार हुशार. मागे घड्याळ दिसलं की हात जड व्हायचे, कारण आज जास्त वेळ नोंदला गेला, तर उद्याचं टार्गेट कमी. म्हणून मोजणाऱ्यानं गतीला गुण द्यायचे असतात. सामान्य गती शंभर. मुद्दाम रेंगाळला तर ऐंशी लिहायचं, म्हणजे मोजलेल्या वेळातला फुगवटा कापला जातो. त्यावर वैयक्तिक गरजांसाठी साधारण पाच टक्के सूट, थकव्यासाठी चार. चिरिल्लोची पंचविसाला पाच ही सूट नानांना अजून पचलेली नाही. "वीस टक्के! कुठल्या मॅनेजमेंटनं दिली असती?" पण ती ते पुरेपूर घेतात.

परवा मी त्यांच्याकडे गेलो, तर नाना चक्क बसले होते. टोमॅटो फ्रिजवर होता, गप्प. समोर रिटायर झालेले तीन कामगार, टेबलावर आधारच्या झेरॉक्स, जुनी पासबुकं, पेन्शनचे फॉर्म. ईपीएस-९५ची ही पेन्शनर मंडळी. २०१४पासून किमान पेन्शन १,००० रुपये, आणि तेवढ्यासाठीसुद्धा आधारवरचं नाव आणि कंपनीच्या रेकॉर्डमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एकाचं रेकॉर्डमध्ये 'रामदास' होतं, आधारवर 'रामू'. नाना दुरुस्तीचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून देत होते, अक्षर घोटीव, घाई नाही. काकूंनी सांगितलं, गेली कित्येक वर्षं हे चाललंय. दुपारी जेवणापर्यंत कोणी ना कोणी असतंच. या वेळाची नोंद वहीत नाही. मी वही मागून बघितली. आठ टोमॅटो म्हणून जे रोज लिहिलंय, त्यात हा वेळ कुठेच धरलेला नाही. आता असल्या माणसाची टिंगल करायची म्हणजे माझी पंचाईतच.

तिघांपैकी सिन्नरकडचे एक होते, ते चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "साहेब, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही मागं घड्याळ लावलं का मी लेथ मुद्दाम हळू चालवायचो."

"माहीत होतं," नाना अर्जातून मान वर न काढता म्हणाले.

"मग?"

"ऐंशी लिहायला हवे होते. मी शंभर लिहायचो."

ते गृहस्थ बराच वेळ नानांकडे बघत राहिले. बशीतल्या चहावर साय धरली.

"सही करा इथं," नाना म्हणाले, "आणि या वेळी जरा लवकर."