अ‍ॅव्हरेज नाना

नगर जिल्ह्यात दोन माणसं भेटली की आधी पावसाचं निघतं, मग उसाच्या भावाचं. नाना मात्र आधी अ‍ॅव्हरेज विचारतात. नवी गाडी घेतलेल्या माणसाला ते पेढा मागत नाहीत. टायरला हलकेच पाय लावून म्हणतात, "काय देती?" समोरच्यानं अठरा सांगितलं की नाना त्याच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघतात, आणि बावीस सांगितलं की खोटं बोलणाऱ्याकडं बघावं तसं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झाल्याची बातमी आली तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पुणं तेवढंच लांब ना? एकशेवीस?"

हे नाना एकटे नाहीत. राहुरीला एक आहेत, श्रीगोंद्यात चार-दोन सापडतील, संगमनेरला तर बहुधा त्यांचं मंडळ असावं. मी इथं मांडतोय ते सगळे मिळून एक.

नगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ सालापासूनचं. पाहुणे आले की त्यांना तिथं न्यायची इथली रीत. देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे. पोरं तोफेशेजारी उभी राहून फोटो काढतात, मोठी माणसं एकाहत्तरच्या लढाईचं बोलतात. नानांनी एका रणगाड्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "हे काय देतं?" लिटरला धड एक किलोमीटरही जात नाही असं कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पाकिस्तानशी लढाई किती अवघड होती हे त्यांना त्या दिवशी खऱ्या अर्थानं उमगलं.

नानांचं शास्त्र एका डायरीत आहे. डायरी अर्थात पतसंस्थेनं फुकट दिलेली. नगर जिल्ह्यात पतसंस्थांना तोटा नाही, त्यामुळं नानांना डायऱ्यांनाही नाही. पेट्रोल भरायचं ते सूर्योदयाच्या आत, कारण गारठ्यात पेट्रोल 'दाट' असतं. (पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं पहाट नि दुपार जवळपास सारखीच, हे त्यांना सांगून पाहावं. मी सांगून पाहिलंय.) पहिला कट पडला की थांबायचं, मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या खेपेला टाकी ते टाकी भागाकार. करंजी घाट उतरताना गाडी न्यूट्रल. खरं म्हणजे हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल पुरतं बंद करतात, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पाजत राहतात. म्हणजे नाना घाटात बचत करतात तेव्हा पेट्रोलही जास्त जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. एक गोष्ट मात्र ते बरोबर करतात: टायरमधली हवा नेमानं तपासून घेतात. त्यानं अ‍ॅव्हरेज खरोखर राखलं जातं. पण नाना ती तपासतात ती पंपावर हवा फुकट मिळते म्हणून.

फुकट ते पौष्टिक हा त्यांचा कुलाचारच. आणि म्हणूनच त्यांच्या हिवाळ्याचं कोडं सुटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत नगरचा पारा एक आकडी होतो. राज्यातल्या गारठलेल्या गावांची यादी छापून येते तेव्हा नगर पुष्कळदा महाबळेश्वरापेक्षाही खाली असतं. अशा दिवसांत पहाटे जामखेडकडं हुरड्याला निघायचं. पुढं नाना, कानटोपीवर मफलर. शेजारी नानी, शालीवर घोंगडी. मागं आम्ही तिघं, एकमेकांच्या उबेला. पाच माणसांच्या श्वासानं समोरची काच दुधासारखी पांढरी होते. नाना कालच्या पेपरनं ती पुसतात. पुन्हा पांढरी. पुन्हा पेपर. शेवटी शेजारची काच चार बोटं खाली, आणि माळरानावरचं वारं थेट नानींच्या कानात.

"नाना, हीटर लावा की."

"आन् पेट्रोल?"

बटणावर निळ्याकडून लाल रंगाकडं जाणारी पट्टी आहे. त्या लाल रंगाचीच त्यांना धास्ती. लाल म्हंजी आत कुठंतरी शेगडी पेटती, शेगडी पेटली म्हंजी पेट्रोल जळतं, असा साधा हिशेब. गाडी घेतल्यापासून ती पट्टी निळ्यावरून हललेली नाही. विकताना तेवढा भाग नवा कोरा म्हणून दाखवता येईल.

आता खरी गोष्ट अशी की पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत हीटरसाठी वेगळं काहीच जळत नसतं. टाकीत घातलेल्या पेट्रोलच्या ताकदीपैकी चाकांपर्यंत पोचते ती जेमतेम पाव हिस्सा. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून रस्त्यावर जाते. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, नव्वद अंशांच्या आसपास फिरत असतं. त्यातलंच थोडं डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि पंख्यानं त्यावरून हवा सोडायची, हा हीटर. जी ऊब वाऱ्यावर जाणार होती ती आपल्या पायांवर येते, इतकंच. खर्च काय तो ब्लोअरच्या विजेचा. तो हेडलाइटच्या खर्चाच्या आसपासचा, डायरीत उमटणारही नाही इतका. एसीची गोष्ट निराळी. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या गळ्यात पट्टा घालूनच फिरतो, तिथं नानांचा संशय रास्त आहे. काच लवकर साफ व्हावी म्हणून हीटरबरोबर एसी लावला तर थोडं पेट्रोल जाईल, हेही खरं. आणि गाडी सुरू केल्या केल्या हीटर लावला तर इंजिन तापायला जरा उशीर होतो, थंड इंजिन जास्त पितं. म्हणून पहिली काही मिनिटं थांबावं. पण सत्तरच्या वेगात काच उघडी ठेवली की हवेचा अडसर वाढतो. म्हणजे हीटर जे पेट्रोल जाळणार नव्हता, ते नानांची काच जाळते.

हे सगळं मी नानांना सांगायला नको होतं, कारण त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. नाना जन्मभर साखर कारखान्यात होते, बॉयलरवर. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि त्यानंतर इथं कारखान्यांचं पीकच आलं. कारखान्यात उसाचा भुसा, बगॅस, बॉयलरमध्ये जळतो. त्याची वाफ टर्बाइन फिरवते. फिरवून दमलेली वाफ कुणी हवेत सोडत नाही. ती रस तापवायला जाते, आटवायला जाते, आणि एका भांड्यातून निघालेली वाफ पुढच्या भांड्याला तापवते. नानांनी उभ्या आयुष्यात वाफेचा एक फुत्कार वाया जाऊ दिला नाही. एकदा म्हणे कुठल्याशा पाइपाची गळती त्यांनी साहेबांच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखली होती.

"नाना, हे तुमच्या एक्झॉस्ट स्टीमसारखंच आहे. काम झाल्यावर उरलेली उष्णता."

नाना बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं पटलं.

"कारखान्यात वाफेला मीटर होतं," ते म्हणाले. "इथं कुठंय? आन् कंपनी फुकट कशाला देईल? ती काय आपल्या सोयऱ्याची हाय?"

नानींनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. "त्यांना वाफेचं सांगू नका," त्या आतून म्हणाल्या. "घरात आंघोळीचं पाणीसुद्धा हात घालून मोजतेत."

मग नानांच्या आधाराला आमचं व्हीआरडीई येतं. नगरला वाहननगरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. लष्कराच्या गाड्यांवर तिथं संशोधन चालतं आणि पुण्याच्या एआरएआयसारखीच तीही गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था आहे. नाना तिच्या फाटकाच्या आत कधी गेलेले नाहीत, पण "व्हीआरडीईच्या गावात राहून मला शिकवता?" हे वाक्य त्यांना पुरतं. आळंदीत राहणाऱ्या प्रत्येकाला ज्ञानेश्वरी पाठ असते असं मानलं, तर यात चूक काढता येणार नाही.

गेल्या संक्रांतीला नानांचा मुलगा पुण्याहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. नानांनी आधी टाकी शोधली. मग सायलेन्सर शोधला. मग बॉनेट उघडायला लावून बराच वेळ आत पाहिलं आणि डायरी मिटून खिशात ठेवली. परतीच्या पहाटे मुलगा आई-वडिलांना चार दिवस पुण्याला घेऊन निघाला. पडद्यावर बोट लावून नानांनी विचारलं, "हे हीटरच का?"

"हो."

"पेट्रोल लागत न्हाई ना?"

"पेट्रोल कुठलं यात, नाना."

नानांनी तापमान अठ्ठावीसवर नेलं, ब्लोअर शेवटच्या काट्यावर, आणि त्या हिवाळ्यात प्रथमच कानटोपी काढली. सुप्यापर्यंत त्यांनी स्वेटरही उतरवला होता. मुलगा मात्र समोरचे किलोमीटर उतरताना बघत होता. कारण फुकटची ऊब मिळायला आधी उष्णता वाया जावी लागते, आणि इलेक्ट्रिक मोटर फारशी वाया घालवत नाही. तिथं ऊब बॅटरीतूनच काढावी लागते, इस्त्री तापते तशी. काही महाग गाड्यांत हीट पंप असतो, त्याला कमी वीज पुरते. दोन किलोवॅटचा हीटर तासभर पूर्ण जोरात चालला तर दोन युनिट गेले. छोटी गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे बारा-चौदा किलोमीटर पायाखालच्या उबेत विरले. अमेरिकेतल्या 'एएए' या मोटारचालकांच्या संस्थेनं २०१९ साली पाहिलं, तर उणे सात अंशांत हीटर लावून गाड्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्के घटला. नगरला तेवढी थंडी कुठली, पण नाना होते.

"नाना, जरा कमी करू का?"

"कशाला? आता कुठं पेट्रोल जळतंय!"

शिरूरला चार्जिंगला थांबावं लागलं. मुलानं फोनवरून पैसे भरले, नानांनी चहा घेतला. त्यांच्या खिशातून काही गेलं नाही, तेव्हा त्यांच्या हिशेबी तो प्रवास फुकटच झाला. पुण्यात पोचल्यावर त्यांनी डायरी काढून लिहिलं: नगर ते पुणे, पेट्रोल शून्य, गाडी उत्तम, ऊब भरपूर.

तेव्हा थंडीत नगरकडं आलात आणि पहाटेच्या रस्त्यावर चारही काचा उघड्या ठेवून कानटोप्या घातलेल्या माणसांची गाडी पुढं दिसली, तर हॉर्न वाजवून वाट मागा. उलट हॉर्नची वाट मात्र पाहू नका. हॉर्नच्या विजेलाही शेवटी पेट्रोलच लागतं असं नाना म्हणतात, आणि एवढं एक मात्र ते अगदी बरोबर म्हणतात.