रीडिंग आठ

अंबडच्या एमआयडीसीत २६ वर्षं तपासणी विभागात काढली की माणसाचा अंदाजावरचा विश्वास उडतो. दोन शतांश मिलिमीटरसाठी मी अख्खा लॉट परत पाठवलेला आहे. त्यामुळे डॉक्टरांनी माझे दिवसाचे सात चहा बंद करून "काहीतरी हर्बल घ्या" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "प्रमाण काय?"

"घ्या हो अंदाजाने," ते म्हणाले. तिथेच आमचं फाटलं.

काढ्याचं प्रमाण शेवटी आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरसंहितेत सापडलं. औषधाच्या १६ पट पाणी घालायचं आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचा. इतक्या शतकांपूर्वीचा माणूस, पण काय स्वच्छ स्पेसिफिकेशन! टॉलरन्स तेवढा दिलेला नाही.

रविवारी बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा कापला. त्या पातीची कड आमच्या टूलरूममधल्या निम्म्या टूलांपेक्षा धारदार असते. बोटाला दोन चिरा पडल्या. तुळस घेतली, ज्येष्ठमध घेतलं आणि २०२० साली सगळं गाव काढा पीत होतं तेव्हाची उरलेली सुंठही घेतली. एकूण ५० ग्रॅम. पाणी ८०० मिली. उरायला हवं १०० मिली.

"एवढ्याशा काढ्याला एवढा गॅस?" बायको म्हणाली. "अहो, सिलिंडर काय कंपनी देते का?"

तासाभरात घरात असा घमघमाट सुटला की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवर गवती चहा दरवळत होता. फक्त माझ्या पेल्यात नव्हता. तिथे होतं तपकिरी, कडू, गंभीर पाणी. गवती चहाचा वास ज्या सिट्रालमुळे येतो, ते वाफेबरोबर उडून जातं. म्हणजे मी काढा पीत होतो आणि चहा शेजारी पीत होते.

गूळ घालून तो बाटलीत भरला आणि सोमवारी कंपनीत नेला. गेटबाहेरच्या टपरीवरचे मामा माझ्याकडे, गाव सोडून चाललेल्याकडे बघावं तसे बघत होते. शॉपवर पोरांनी बाटली उजेडात धरली. "साहेब, कूलंट बदलायला आलंय वाटतं."

कूलंटचं पाण्यातलं प्रमाण आम्ही रिफ्रॅक्टोमीटरने बघतो. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, आकडा वाचायचा. कोणीतरी माझ्या काढ्याचा थेंब टाकला. रीडिंग आलं आठ.

"आठ?" दिंडोरीकडचा एक ऑपरेटर पुढे आला. त्याच्या घरी द्राक्षबाग आहे. द्राक्षातली साखर बागायतदार याच यंत्रावर बघतात, ती सोळा-अठरापर्यंत चढली की मग काढणीचं बोलतात. त्याने पुन्हा एकदा डोळा लावून खात्री केली आणि म्हणाला, "साहेब, अजून पंधरा दिवस वेलीवरच राहू द्या."

घरी येऊन ग्रंथ परत उघडला. काढ्याच्या पुढचाच अध्याय फांटाचा. कुटलेल्या औषधावर गरम पाणी ओतायचं, मुरू द्यायचं, गाळून प्यायचं. आटवायची भानगडच नाही. ड्रॉइंगची दुसरी शीट न बघता जॉब लावणाऱ्या पोरांना मी आजवर किती बोललोय, ते आठवून गप्प बसलो.

तेवढ्यात बायकोने चार पाती हातानेच तोडल्या, गाठ मारून पेल्यात टाकल्या, वर उकळतं पाणी ओतलं आणि ताटली झाकली. ग्रंथ तिने वाचलेला नाही. तिच्या आईनेही नव्हता.

"झाकण कशाला?"

"वास जाऊ नये म्हणून. एवढंही कळत नाही?"

"किती मिनिटं ठेवायचं?"

"माझी कणीक मळून होईपर्यंत."

ताटली काढली तेव्हा वास थेट पेल्यातून आला आणि पेल्यातच राहिला. मी वही काढली, तारीख टाकली आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं : एक कणीक.

"किती पोळ्यांची?" मी विचारलं.