ठामपणे चुकणारे मीटर

विद्युतदाब, प्रवाह आणि रोध या तिन्ही राशी मोजणारा डिजिटल मल्टिमीटर हे मुळात तुलनेचे यंत्र असून, समोरचा दाब आपल्या पोटातील ठरावीक दाबाच्या, म्हणजे संदर्भदाबाच्या, किती पट आहे एवढेच ते सांगते. त्यामुळे संदर्भदाबच ढळला, तरी ते गप्प न बसता दशांश चिन्हासह ठामपणे चुकते. काट्याच्या जुन्या मीटरला निदान थरथरण्याइतकी लाज असे.

७१०६ जातीच्या चिपवर चालणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरात हा संदर्भदाब १०० मिलिव्होल्ट असतो, आणि ९ व्होल्टची बॅटरी फारच उतरली की तोही घटतो, म्हणजे भाजक लहान होऊन उत्तर फुगते; मोजणारा जितका अशक्त, तितके जग त्याला सशक्त दिसते. कोपरखैरण्यातील घरात २३० व्होल्ट असताना पडद्यावर २३८ उमटतात आणि संशय मीटरवर न जाता वीज कंपनीवर जातो.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ, प्रोब काढून ठेवून, नव्या बॅटरीने करावा. त्यानंतर निवडीच्या चकतीखालचे तांब्याचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, कारण खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्यावर मळ धरतो. आठाचा आकडा सहा दिसत असेल, तर मापन निर्दोष असून पडद्याला जोडणारी रबरी पट्टी सरकलेली असण्याचा संभव अधिक. हा दोष विचारांचा नव्हे, उच्चारांचा.

एवढ्यानेही भागले नाही, तर प्रीसेट, म्हणजे संदर्भदाब कमीजास्त करणारा इवला स्क्रू, फिरवावा लागतो. मात्र तो किती फिरवावा हे कळण्यासाठी खात्रीचे दुसरे मीटर हवे, त्याच्या खात्रीसाठी तिसरे, आणि ही वंशावळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळा ती साखळी कागदोपत्री जोडून देतात, परंतु त्यांचे शुल्क बहुधा पिवळ्या मीटरच्या किमतीलाच लाजवते.

परिणामी महाप्यातील इलेक्ट्रॉनिक झोन हाकेच्या अंतरावर असूनही घरगुती शास्त्र मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘८ वजा करा’ असे लिहिते. संदर्भदाबाची चूक शेकडेवारीने वाढते, ठोक रकमेने नव्हे, हे पट्टीला ठाऊक नसल्यामुळे त्याच मीटरने मोजलेला कोरा करकरीत दीड व्होल्टचा सेल हिशेबाअंती उणे साडेसहा व्होल्टांचा ठरतो आणि दुकानदाराकडे परत जातो.